मेडशीची गाडी आणि मधला आकडा

२० नोव्हें. ७८, मालेगाव, जि. अकोला

दिवाळीची सुट्टी संपली, शाळा उघडली आणि पहिल्याच दिवशी हेडसरांशी वाजलं. विषय तोच. मेडशीच्या तीन पोरी, सुमन, लता, शोभा. दहावीत आहेत, रोज एसटीनं येतात, गाडी रोज उशिरा, आणि पहिला तास माझा, गणिताचा. हेडसर म्हणाले, "तिघींना सोप्या गणिताला बसवा. निम्मा तास बुडतोच त्यांचा. उगाच बोर्डात शाळेचा निकाल खाली यायचा."

मी म्हटलं, सोपं गणित घेतलं की पुढे सायन्स बंद.

"पोरींना सायन्स घेऊन करायचंय काय?"

डोक्यात तिडीक गेली. सुमनला अकोल्याला शेतकी कॉलेजात जायचंय. पुढे काय करायचं हे इतकं स्पष्ट वर्गात दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. तिच्या वयात मलाही नव्हतं.

शेवटी असं ठरलं. सहामाहीत सांख्यिकीत अख्खा वर्ग आडवा झाला होता. त्याची मी उजळणी घ्यायची. १८ डिसेंबरला चाचणी, प्रश्न हेडसर काढणार. तिघी निभावल्या तर अवघड गणितात राहतील. नाही तर सोपं गणित, आणि त्यावर मी परत तोंड उघडायचं नाही.

तोंड न उघडण्याची अटच जास्त जड वाटतेय.

२१ नोव्हें.

उजळणी सुरू. "मध्य म्हणजे काय?" सगळ्या वर्गानं आरतीसारखं म्हणून दाखवलं, सर्वांची बेरीज भागिले एकूण संख्या. "मध्यक?" म्हणून दाखवलं. "बहुलक?" तेही. बरं, मग तिघांत फरक काय? कुठे कोणता वापरायचा? मागच्या बाकावरून आवाज आला, "परीक्षेत वापराचा, बाई." डस्टर कसंबसं हातातच ठेवलं.

पुस्तकातलं उदाहरण कारखान्यातल्या कामगारांच्या वजनाचं. कापसाचं जिनिंग सोडलं तर इथे कारखाना पाहिलाय कोणी? आणि कोणाचं वजन किती याच्याशी या पोट्ट्यांना काय देणंघेणं.

तेवढ्यात मेडशीच्या तिघी दारात, धापा टाकत. सु. म्हणाली, "बाई, उशीर एसटीचा अन् बदनाम आमी."

लख्ख झालं एकदम. मनगटावरचं घड्याळ सोडून तिच्या हातात दिलं. म्हटलं, घंटा झाल्यावर किती मिनिटांनी वर्गात पाय ठेवता, रोज लिहून आण.

"कितीक दिवस?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

पहिल्या पगारातलं घड्याळ. दिवसभर रिकाम्या मनगटाकडे बघतेय.

२४ नोव्हें.

घड्याळ नसल्याचा पहिला फटका. काकींकडचं जेवण चुकलं. काकी म्हणजे खोलीच्या मालकीणबाई, जैन, खाली किराण्याचं दुकान. खोली देताना आडनाव विचारलं होतं. मी ठणकावून सांगितलं, तायडे, इंझोरीचे. त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला, मग म्हणाल्या, कांदा-लसूण चालणार नाही. बस, एवढंच. आता मावळतीच्या आत रोज हाक मारतात, दोन पोळ्या खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत. आज अंधार पडल्यावर पोचले. "सूर्याला थांब म्हणता येत नाही हो बाई," म्हणाल्या. खोलीवर येऊन मुरमुरे खाल्ले.

३० नोव्हें.

आज मजा आली! सगळं लिहून ठेवते.

सात दिवसांचे आकडे फळ्यावर मांडले. २५, ३०, २०, २५, १२५, २५, ३०. एकशेपंचवीसच्या दिवशी गाडी पंक्चर झाली आणि स्टेपनी काढली तर तीही पंक्चर. हेडसर नेमके तेव्हाच वर्गात आले, मागे उभे राहिले. पोरांनी बेरीज केली, २८०. भागिले सात, चाळीस.

हेडसर खूश. "म्हणजे सरासरी चाळीस मिनिटं उशीर. तास पस्तीस मिनिटांचा. तायडे बाई, तुमच्याच गणितानं सिद्ध झालं. या मुलींनी गणिताचा तास कधी पाहिलेलाच नाही."

वर्ग हसला. मी तोंड उघडणार एवढ्यात सु. उभी राहिली.

"पण सर, आमी तं रोज बसतो इथं. पंक्चरचा एक दिवस सोडून."

"सरासरी काय सांगते?"

"त्या एका दिवसानं साऱ्या दिवसाईले ओढून नेलं, सर."

तरातरा फळ्याशी गेली. आकडे चढत्या क्रमानं लावले. २०, २५, २५, २५, ३०, ३०, १२५. इकडचे तीन झाकले, तिकडचे तीन झाकले, मधला राहिला. "पंचवीस. हा मध्यक. अन् सर्वात जास्त डाव आला तो बी पंचवीसच, म्हंजे बहुलक. रोजचा उशीर पंचवीस. दहा मिनिटं तास भेटते आमाले. हे त्याच दहा मिनिटात शिकलो."

हेडसर चष्मा वर ढकलून फळ्याकडे बघत राहिले, मग निघून गेले. मी दिवसभर फळा पुसू दिला नाही. इतिहासाचे सर कुरकुरले. कुरकुरू देत.

१ डिसें.

कालची हवा आज उतरली. मध्यक काढला खरा, पण पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस मिनिटं. दहा मिनिटांत चाचणीची तयारी कशी व्हायची? उशीर होतो हे कळलं, कुठे होतो ते कुठे कळलंय?

तिघींना नवं काम दिलं. गाडी मेडशीला किती उशिरा येते, तिथे किती वेळ उभी राहते, पुढे रस्त्यात किती जातो. तीन रकाने. लता-शोभा नाचायलाच लागल्या, एसटीवाल्यांची जिरवू म्हणून. सु. गप्प होती. थकली असेल म्हटलं.

६ डिसें.

इंझोरीला जाता आलं नाही. इथल्याच वस्तीवर मेणबत्ती लावून आले. बायका पांढऱ्या लुगड्यांत, लेकरं चिडीचूप.

आई आठवली. आठवीत गुरुजींनी मला मागच्या बाकावर नेऊन बसवलं होतं, हिला गणित झेपायचं नाही म्हणून. आई निंदण टाकून, हातात खुरपं तसंच, शाळेच्या दारात येऊन उभी. "हिले पुढं बसवा, मंग मी जातो." ओरडली नाही, रडली नाही, नुसती उभी. गुरुजींनी शेवटी बसवलं. सुमनसाठी मी दारात उभी राहून भागणार नाही. हेडसरांना आकडे लागतात.

७ डिसें.

नवे आकडे आले. गाडी मेडशीत उभी, मिनिटं: पाच, पाच, पाच, पाच, पाच.

मी परत पाहिलं. सलग पाच दिवस पाच? अग, वरणाला रोज सारखं मीठ पडत नाही. खरे आकडे वरखाली होतात, मोजणाऱ्याला छळतात. इतके शहाणे आकडे दिसले की समजावं कोणीतरी त्यांना न्हाऊ-माखू घातलंय. हे मी वर्गात मोठ्यानं म्हटलं. लतानं सु.कडे पाहिलं. सु.नं खाली.

मधल्या सुट्टीत आली. डोळे भरलेले.

"बाई, एसटीचं काही नाई. गाडी धरून ठेवते तो माह्याच बाप हाये."

मग सगळं सांगितलं. गाडी आली की भगवानराव, म्हणजे हिचे वडील, इंजिनापुढे उभे राहतात. वावराच्या वाटेनं लांबवर कोणी येताना दिसलं की तो पोचेपर्यंत गाडी हलू द्यायची नाही. म्हातारी असो, दुधाचा कॅन असो, लग्नाला निघालेलं वऱ्हाड असो. सगळा गाव यात सामील. 'भगवानरावानं कोणाले मांगं सोडलं नाई,' असं लोक कौतुकानं म्हणतात.

"मले लाज वाटे लिवाले. बापाचं नाव कसं लिवू?"

खरे आकडे मात्र पोरीच्या तोंडपाठ. वीस, पंधरा, पंचवीस, वीस, वीस. आणि एसटीचा स्वतःचा उशीर? कधी तीन, कधी पाच.

रागवायचं सुचलंच नाही. म्हटलं, उद्या पहिल्या गाडीनं मी मेडशीला येते, डोळ्यांनी बघते.

८ डिसें.

काय सांगू बाप्पा!

गेले मेडशीला. सु.च्या आईनं हात धरून घरात नेलं. गरम भाकर, ठेचा, वर गुळाचा चहा. "बसा न बाई, गाडी कुठं चाल्ली?" सु. घड्याळ घेऊन आधीच थांब्यावर. माझं मनगट रिकामं. मी आपली बसले, दुसरा चहाही घेतला. मग सावकाश गल्लीतून बाहेर येते तर काय, गाडी गच्च भरलेली, सगळी खिडक्यांतून बाहेर बघतायत, आणि पुढे रस्त्यात दोन्ही हात पसरून भगवानराव.

"थांब रे! पोट्ट्याईच्या बाई येऊन राह्यल्या!"

कंडक्टर दारातून, "या बाई, या. धावू नका, पडसान."

सु.नं घड्याळात पाहिलं, लिहिलं. चेहरा अगदी सरळ. विचारलं किती. "बावीस मिनिटं. कारण, गणिताच्या बाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लता फिस्सकन हसली आणि मालेगाव येईपर्यंत आम्ही चौघी पोट धरून हसत होतो. फाटकात हेडसर उभे. तिघींच्या मागून चौथी मी. त्यांनी फक्त घड्याळात पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

काकींना सांगितलं. पदर तोंडाला लावून हसल्या, पण पोळ्या वेळेत वाढल्या.

११ डिसें.

शनिवारी स्तंभालेख शिकवला होता. सु. म्हणाली, "इथं काढून काय फायदा? ज्याईनं पाह्यला पाह्यजे ते इथं शिकतात काय?" मी म्हटलं, बघ बाई तुझं तू.

आज आली ती बोटं लाल-काळी घेऊन. काल तिघींनी थांब्यावरच्या हॉटेलची भिंत रंगवली. हॉटेलवाल्यानं खुशीत परवानगी दिली, लोक बघायला जमतील, चहा खपेल. दर दिवसाचा एक खांब. खालचा काळा भाग कोळशाचा, तो एसटीचा उशीर. वरचा लाल भाग गेरूचा, तो गावाचा. काळं बोटभर, लाल हातभर. शुक्रवारच्या लाल खांबावर चक्क 'बाई' लिहिलंय. नालायक.

लोक जमले, विचारायला लागले लाल काय, लाल काय. सु.नं मोठ्यानं सांगितलं. भगवानराव गर्दीत होते. "मंग लोकाले रस्त्यावर सोडून देऊ का मी? पोटची पोर बापाले भिंतीवर चढोते!"

"बाबा, तुमी साऱ्याईसाठी गाडी धरता, अन् इकडं माह्यं गणित जाते."

ते तडक वावरात गेले. हे सगळं सु. मला हसत हसत सांगत होती, पण बोटांवरचा गेरू फळ्याच्या फडक्यानं परत परत पुसत होती.

१३ डिसें.

बाप-लेकीचा अबोला. ताटावर दोघांची तोंडं दोन दिशेला, सु. सांगते. मला अपराधी वाटतंय. मी इथे आकडे मांडणार, आणि घरात चटके त्या पोरीला.

वर्ग मात्र रंगात आलाय. जो तो काहीतरी मोजतोय. एकानं बापाच्या शेळ्यांची रोजची दुधं मांडली. मागच्या बाकावरचा तो, परीक्षेत वापराचा म्हणणारा, त्यानं इतिहासाच्या सरांचे एका तासातले शब्द मोजून आणले. बहुलक, 'म्हणजेच काय तर'. हसू दाबून त्याला शाबासकी दिली आणि वर ताकीदही.

१४ डिसें.

गाडी वेळेवर!! घंटेच्या आधी तिघी बाकावर!

लतानं नक्कल करून दाखवली. भगवानराव आज इंजिनापुढे नव्हतेच, लोकांच्या मागे होते, एकेकाच्या पाठीला हात लावून आत ढकलत. "चढा, चढा! भिंतीवर नाव पाह्यजे काय तुमाले?" कंडक्टरनं म्हणे स्वतःचं घड्याळ हलवून कानाला लावलं, बंद तर नाही पडलं.

पूर्ण पस्तीस मिनिटं शिकवलं. घसा बसला. किती छान वाटतं घसा बसला की.

१८ डिसें.

भराभर लिहितेय. अक्षर गिचमिड येणार.

चाचणीचा दिवस. गाडी वेळेवर. लता उतरली, शोभा उतरली. सु. नाही.

"सुमन कुठाय ग?"

लता रडकुंडीला. "सुटली बाई. विहिरीवर दोर तुटला, तिले उशीर झाला. वाटेनं पळत येताना दिसली आमाले. कंडक्टर म्हणे, भगवानराव, तुमचीच पोरगी दिसते. तं तिचे बाबा म्हणे, 'हो. हाक गाडी.'"

अरे देवमाणसा, आजच? आजच नियम पाळायचा होता?

घंटा झाली. हेडसर पेपरचा गठ्ठा काखेत मारून आले. मी आडवी गेले. "सर, पाच मिनिटं थांबा." मी! भिंतीवर जिचं नाव लाल रंगात आहे ती मी.

हेडसरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "बाई, थांबण्याविरुद्ध अख्खी भिंत तुम्हीच रंगवून घेतलीत ना?" ते वर्गात गेले. पण पेपर वाटेनात. फळ्यावर सूचना लिहायला घेतल्या, एक एक अक्षर कोरून. मग म्हणाले ओळ वाकडी आली. पुसली. परत लिहायला लागले. तीनदा खडू तुटला. या माणसाचा खडू मी आजवर एकदाही तुटलेला पाहिला नव्हता.

बाहेर मोठ्ठा हॉर्न. कपाशीचा ट्रक फाटकात, वर डोंगराएवढा कापूस. केबिनमधून सु.नं उडी मारली, मागून भगवानराव, डोक्यावर कापसाचे पुंजके. पोरगी सरळ वर्गात पळाली. ते माझ्यासमोर येऊन घाम पुसत म्हणाले, "एसटी नाई थांबवली बाई मी. इचारा कोणालेबी. पण ट्रक थांबवू नये असं काही भिंतीवर लिवलं नोतं."

आतून हेडसरांचा आवाज, "बसली का सगळी? मग वाटतो आता."

भगवानराव पेपर सुटेपर्यंत कडुनिंबाखाली बसून होते. मी चहा नेऊन दिला. बाप-लेकीचा अबोला ट्रकमध्ये सुटला असावा. विचारलं नाही.

२० डिसें.

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

तिघी पास. शोभा काठावर, लता बऱ्यापैकी, आणि सुमन वर्गात पहिली. पोरांच्याही वर. मागच्या बाकावरचासुद्धा पास, आता बोला.

हेडसरांनी सर्व मास्तरांसमोर सु.चा पेपर उघडला. त्यांचा शेवटचा प्रश्न होता, मध्य, मध्यक, बहुलक यांपैकी योग्य कोणता, सकारण लिहा. तिचं उत्तर मोठ्यानं वाचलं. 'योग्य कोणता ते कशासाठी पाहिजे त्यावर आहे. हॉटेलवाल्याला चहा किती वाजता उकळायचा ते बहुलकावरून कळेल. रोज गाडीची वाट बघणाऱ्याने मध्यक पाहावा. ज्याला आम्हाला वर्गाबाहेर काढायचे आहे तो मध्य सांगतो.'

शेवटच्या ओळीला थांबले. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग खो खो हसले. मी या माणसाला हसताना प्रथमच पाहिलं. पैकीच्या पैकी दिले त्या प्रश्नाला.

"तिघी राहतील अवघड गणितात. आता उघडा तोंड, तायडे बाई."

आणि काय सांगू, एक शब्द सुचला नाही. आईला आज रात्रीच कळवलं पाहिजे, पुढच्या बाकावर अजून तिघी बसल्या म्हणून.

काकींनी दिवस मावळायच्या आत शिरा केला. मी तीनदा घेतला.

२४ डिसें., रविवार

मेडशीला जेवायला बोलावलं होतं. थांब्यावर उतरले तेव्हाच समोरून मालेगावची गाडी सुटत होती. अगदी वेळेवर. भिंत बघितली. दहा दिवसांत लालचा ठिपका नाही. हॉटेलवाला तेवढा नाराज, लोक चहा प्यायला थांबतच नाहीत म्हणतो. बाकी गाव ताठ मानेनं बोलतं, आमच्या गावची गाडी वेळेवर असते म्हणून. भगवानरावांचा रुबाब तर विचारू नका, कंडक्टर सलाम करतो.

पण ते स्वतः हॉटेलच्या ओट्यावर मान खाली घालून बसलेले. शेजारी एक म्हातारी, पायाला मळकं फडकं बांधलेलं. यमुनाआजी. मालेगावच्या दवाखान्यात पट्टी बदलायला निघालेली. वस्तीवरून पाय ओढत आली, तोवर गाडीची धूळ दिसली.

"राग नाई रे भगवान," आजी म्हणत होती. "नियम म्हंजे नियम."

भगवानरावांनी मला बसायला जागा केली. गाडी गेली त्या रस्त्याकडे बघत विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. कोणासाठी किती थांबावं, हे तुमच्या गणितातून निघते का?"

मी हिला-तिला, हेडसरांना, सगळ्या जगाला उत्तरं देणारी. आईचं खुरपं आठवलं, हेडसरांचा तुटलेला खडू आठवला, माझे ते दोन चहा आठवले.

मला न्यायला आलेली सु. घरात जाऊन आली. हातात चुन्याची डबी. भिंतीशी उकिडवी बसली आणि काळ्या-लाल खांबांच्या शेजारी, खाली, पांढरी रेघ आखायला लागली.

"हे काय ग?"

"मांगं राह्यलेली माणसं, बाई. आपण मिनिटं मोजली. हे कोणी मोजलंच नाई."

"त्यानं उत्तर निघन काय?" भगवानराव.

"आकडे तं जमू द्या, बाबा." मग आजीकडे वळून, "आजी, कितीक डाव सुटली तुयी गाडी?"

आजीनं दोन बोटं वर केली. जरा थांबून तिसरं.

सु.नं चुन्यात बोट बुडवलं.